सीबीडी तेल: दाहावरचा उतारा, पण किती मिलिग्रॅमचा?

तीस मिलीची गडद काचेची बाटली, रबरी टोपीचा ड्रॉपर, लेबलवर मोठ्या अक्षरांत '१,५०० मिलिग्रॅम' आणि त्याखाली दोन शब्द: दाहशामक, अँटिऑक्सिडंट. भांगेच्या झाडातून काढलेलं सीबीडी तेल बहुतेक ठिकाणी याच रूपात विकलं जातं, म्हणून परीक्षणासाठी हाच नमुना घेतला आहे. एखाद्या कंपनीची बाटली उचलून तिला गुण देण्यात फारसा अर्थ नाही, कारण एकाच कंपनीच्या दोन बॅचमध्येही फरक पडतो. प्रश्न या मालाचा आहे. संधिवात, आतड्याचा दाह किंवा मधुमेह असलेला माणूस ते दोन शब्द वाचून बाटली घेतो, तेव्हा त्याच्या हाती नेमकं काय पडतं?

निकाल आधीच सांगून टाकतो. रेणूला चांगले गुण, बाटलीला जेमतेम पास होण्याइतके, आणि लेबलवरच्या दाव्याला नापास. दावा खोट्या संशोधनावर उभा आहे म्हणून नव्हे. संशोधन खरं आहे, पण ते ज्या मात्रेत झालं ती मात्रा या बाटलीतून पोटात जातच नाही.

दाव्याचं मूळ

सीबीडी, म्हणजे कॅनाबिडिऑल, भांगेच्या झाडातून १९४० मध्ये रॉजर ॲडम्स यांच्या प्रयोगशाळेत वेगळं काढलं गेलं. त्याची नेमकी रचना राफेल मेशुलाम आणि त्यांच्या सहकाऱ्याने १९६३ मध्ये मांडली. नशा आणणारं टीएचसी त्याच झाडातलं, पण सीबीडीने नशा येत नाही. दोन्ही रेणूंचं सूत्र अगदी एकच आहे, वेगळी आहे ती अणूंची मांडणी.

अँटिऑक्सिडंट म्हणून सीबीडीचं नाव झालं ते १९९८ साली. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत एडन हॅम्पसन, ज्युलियस ॲक्सेलरॉड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रयोगशाळेतल्या 'रॅट' जातीच्या मोठ्या उंदरांच्या मेंदूतल्या चेतापेशी बशीत वाढवल्या आणि त्यांना विषारी प्रमाणात ग्लुटामेट दिलं. सीबीडीने त्या पेशी वाचवल्या, आणि त्या चाचणीत ते व्हिटॅमिन सी आणि व्हिटॅमिन ई या दोघांपेक्षा सरस ठरलं. भांगेतले रेणू ज्यांना चिकटतात ते पेशींवरचे कॅनाबिनॉइड रिसेप्टर बंद केले तरी हा परिणाम टिकला, म्हणजे तो रिसेप्टरमुळे नव्हता, रेणूच्या रसायनामुळे होता. सीबीडीच्या एका टोकाला कडं आहे आणि त्या कड्यावर दोन हायड्रॉक्सिल गट आहेत. ते पेशी बिघडवणाऱ्या मुक्त मूलकाला (फ्री रॅडिकलला) हायड्रोजन देऊन शांत करतात. या कामावर २००३ मध्ये अमेरिकी पेटंट मिळालं, क्रमांक ६६३०५०७. विक्रेते हा क्रमांक 'सरकारनेच मान्य केलं' अशा थाटात छापतात. पेटंट मिळतं ते कल्पना नवी आणि वापरता येण्याजोगी आहे म्हणून. माणसाचा आजार बरा होतो हे सिद्ध करण्याची अट त्यात नसते.

दाहाचा धागा दोन वर्षांनी जोडला गेला. टीएनएफ या दाहकारक प्रथिनाला अडवून आमवातावर उपचार करता येतो हे दाखवणारे मार्क फेल्डमन आणि सीबीडीची रचना मांडणारे मेशुलाम हे दोघेही २००० सालच्या एका अभ्यासात होते. उंदरांमध्ये कोलॅजन टोचून सांधेदाह घडवला आणि सीबीडी दिलं. पोटात टोचून ५ मिलिग्रॅम प्रति किलो आणि तोंडाने २५ मिलिग्रॅम प्रति किलो या मात्रांना सर्वांत चांगला परिणाम दिसला, सांध्यांची झीज कमी झाली, सांध्याच्या पेशी टीएनएफ कमी सोडू लागल्या. त्यातली सर्वांत मोलाची नोंद मात्र जाहिरातीत कधी येत नाही: मात्रा त्याहून वाढवली तर फायदा पुन्हा घटला. आलेख घंटेच्या आकाराचा निघाला. 'थोडं चांगलं, तर जास्त आणखी चांगलं' हा हिशेब इथे चालत नाही.

परिणाम घडतो कसा, याचं सर्वांत पटणारं स्पष्टीकरण ॲडेनोसिनचं आहे. दाहाच्या जागी पेशी ॲडेनोसिन सोडतात आणि तेच शरीराचं आपलं दाह विझवणारं संदेशद्रव्य असतं. पेशी ते परत आत ओढून घेतात. ही ओढण्याची वाट सीबीडी अडवतं, बाहेर ॲडेनोसिन साठतं, ए-टू-ए रिसेप्टरवर काम करतं आणि टीएनएफ उतरतं. २००६ च्या प्रयोगात हा रिसेप्टरच नसलेले उंदीर घेतले तेव्हा सीबीडीचा तो परिणाम नाहीसा झाला. कार्यकारणाचा इतका स्वच्छ पुरावा या क्षेत्रात क्वचितच मिळतो. याखेरीज पीपीएआर-गॅमा आणि एनएफ-कप्पा-बी या, दाह कमी-जास्त करणाऱ्या पेशींतल्या मार्गांवरही काम होतं, आणि त्वचेच्या पेशींत बॅक-१ हा ब्रेक सैल करून पेशीच्या स्वतःच्या संरक्षक जनुकांना सीबीडी जागं करतं, असं २०२० मध्ये दिसलं.

प्राण्यांतले निकाल खरोखर उत्साह वाढवणारे आहेत. आपोआप मधुमेह होणाऱ्या एनओडी जातीच्या उंदरांत, उपचार न दिलेल्या गटात ८६ टक्क्यांना मधुमेह झाला, सीबीडी दिलेल्या गटात ३० टक्क्यांना. मधुमेही उंदरांच्या हृदयातला ऑक्सिडीकरणाचा ताण आणि हृदयाचं तंतुमय होणं कमी झालं. जीवाणूंच्या आवरणातलं विष देऊन घडवलेला फुप्फुसाचा दाह उतरला. ही यादी वाचून कुणाला आशा वाटली तर ती चुकीची नाही. गोम पुढच्या हिशेबात आहे.

बाटलीचा हिशेब

हा हिशेब शाळेतल्या गणिताचा आहे आणि विकत घेण्याआधी प्रत्येकाने स्वतः करून पाहावा असा आहे.

१,५०० भागिले ३०, म्हणजे एका मिलीत ५० मिलिग्रॅम. सुचवलेली मात्रा साधारण अर्धा ड्रॉपर, म्हणजे २५ मिलिग्रॅम. उंदराची मात्रा माणसाला लावताना शरीराच्या पृष्ठभागाच्या नियमाने १२.३ ने भागतात. उंदरातली तोंडाने दिलेली २५ मिलिग्रॅम प्रति किलो म्हणजे माणसात सुमारे २ मिलिग्रॅम प्रति किलो, ६० किलोच्या माणसाला रोज १२० मिलिग्रॅमच्या आसपास. अर्धा ड्रॉपर त्याच्या एक पंचमांशाइतका भरतो. बाटली रोज १२० मिलिग्रॅमने वापरली तर साडेबारा दिवसांत संपते.

आता पेशींवरचे प्रयोग. बशीतल्या पेशींना बहुधा १ ते १० मायक्रोमोलर सीबीडी देतात. सीबीडीचं रेणुभार ३१४.५, म्हणून १० मायक्रोमोलर म्हणजे रक्ताच्या मिलीमागे सुमारे ३,१४५ नॅनोग्रॅम. निरोगी माणसांना उपाशीपोटी एकदम १,५०० मिलिग्रॅम दिल्यावर रक्तातली सर्वोच्च पातळी सरासरी २९२ नॅनोग्रॅमपर्यंत गेली. म्हणजे ०.९३ मायक्रोमोलर. अख्खी बाटली एका घोटात रिकामी केली तरी प्रयोगशाळेतल्या बशीचा खालचा काठ जेमतेम गाठला जातो. अर्ध्या ड्रॉपरने रक्तात मिलीमागे काही मोजके नॅनोग्रॅम येतात. शिवाय रक्तातलं ९४ टक्क्यांहून अधिक सीबीडी प्रथिनांना चिकटलेलं असतं, मोकळं उरतं ते फारच थोडं. बशीत प्रथिनं कमी असतात, तिथे तीच मात्रा जास्त जोरात लागते.

थेट अँटिऑक्सिडंट म्हणून तर हा दावा उभाच राहत नाही. नीट जेवणाऱ्या माणसाच्या रक्तात व्हिटॅमिन सी सुमारे ५० मायक्रोमोलर असतं, युरिक आम्ल त्याच्या कित्येक पट. त्या गर्दीत अर्धा ड्रॉपर सीबीडीने मुक्त मूलकं टिपण्यात काही भर घालणं शक्य नाही. शक्य आहे तो दुसरा मार्ग, पेशीची स्वतःची संरक्षक जनुकं जागी करण्याचा. त्याला कमी रेणू पुरतील कदाचित, पण माणसात कोणत्या मात्रेला ते घडतं याचा आकडा लेबल देत नाही. म्हणून 'व्हिटॅमिन सी पेक्षा शक्तिशाली' ही ओळ दिसली की ती १९९८ च्या बशीतून आलेली आहे एवढं ओळखावं.

माणसांवरच्या चाचण्या

खरी परीक्षा इथे. हातांचा झिजेचा संधिवात आणि सोरायसिससोबतचा संधिवात असलेल्या १३६ रुग्णांना १२ आठवडे रोज २० ते ३० मिलिग्रॅम दिलं, म्हणजे जवळपास आपल्या बाटलीइतकंच. वेदनेत प्लासिबोपेक्षा, म्हणजे औषध नसलेल्या नकली गोळीपेक्षा, फरक पडला नाही. मात्रा कमी होती असा आक्षेप रास्त होता. मग गुडघ्याच्या झिजेच्या संधिवातात रोज ६०० मिलिग्रॅम, आठ आठवडे, ८६ रुग्ण. पुन्हा फरक नाही. या मात्रेसाठी आपल्या बाटलीतले १२ मिली रोज लागतील आणि बाटली अडीच दिवसांत संपेल. एक गोष्ट मात्र सीबीडीच्या बाजूने सांगायला हवी: गुडघ्याची झीज हा काही निखळ दाहाचा आजार नाही. २००० सालच्या उंदरांचं वचन तपासायचं तर आमवातात, पुरेशा मात्रेने आणि टीएनएफ मोजत तपासायला हवं.

आतड्याचा दाह ही त्या मानाने सरळ कसोटी. क्रोन्स या आतड्याच्या दाहाच्या आजाराच्या २० रुग्णांना दिवसातून दोनदा १० मिलिग्रॅम दिलं. सुरक्षित, पण उपयोग नाही. आतड्यात व्रण पडणाऱ्या कोलायटिसच्या ६० रुग्णांना सीबीडीयुक्त अर्क दिवसातून दोनदा ५० पासून २५० मिलिग्रॅमपर्यंत, दहा आठवडे दिला. आजार शमला २८ टक्क्यांत, प्लासिबोवर २६ टक्क्यांत. अर्क घेणाऱ्यांना तो पचायलाच जड गेला, ठरलेल्या कॅप्सूलपैकी सरासरी एक तृतीयांश कमी घेतल्या गेल्या. त्या अर्कात ४.७ टक्क्यांपर्यंत टीएचसी होतं, चक्कर येण्याच्या तक्रारी होत्या.

सर्वांत शिकवणारी चाचणी २०२१ ची. क्रोन्सच्या ५६ रुग्णांना सीबीडी आणि टीएचसी चारास एक प्रमाणात असलेलं तेल आठ आठवडे दिलं. रुग्णांना बरं वाटलं, लक्षणांचा गुणांक सुधारला. दुर्बिणीने आत पाहिलं तेव्हा आतड्याचा दाह होता तसाच होता. ज्यांनी हे तेल घेऊन 'फरक पडला' म्हटलं ते खोटं बोलत नाहीत. झोप लागते, कळ बोथट होते, भूक सुधारते. पण दाह उतरणं आणि बरं वाटणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि क्रोन्समध्ये दाह आत धुमसत राहिला तर आतडं अरुंद होतं. बरं वाटतंय म्हणून मूळ औषध सोडणं हा या बाटलीचा सर्वांत मोठा धोका आहे. तिच्यातल्या कुठल्याही रसायनापेक्षा मोठा.

टाइप २ मधुमेहात दिवसातून दोनदा १०० मिलिग्रॅम, १३ आठवडे: साखर हलली नाही, चांगलं कोलेस्टेरॉल हललं नाही, रेझिस्टिन हा दाहाशी जोडलेला घटक थोडा उतरला. सौम्य ते मध्यम कोविडमध्ये रोज ३०० मिलिग्रॅम, १४ दिवस: उपयोग नाही.

आशेला जागा आहे ती रक्तमूळ पेशींच्या प्रत्यारोपणात. दात्याच्या पेशी रुग्णाच्या शरीरावर हल्ला करतात तो दाह टाळण्यासाठी ४८ रुग्णांना प्रत्यारोपणाच्या ७ दिवस आधीपासून ३० दिवस नंतरपर्यंत रोज ३०० मिलिग्रॅम सीबीडी दिलं. घेत असेपर्यंत एकालाही दुसऱ्या किंवा त्यावरच्या श्रेणीचा तीव्र हल्ला झाला नाही. पण तुलना जुन्या रुग्णांच्या नोंदींशी होती, प्लासिबो गट नव्हता. त्या अभ्यासातली मात्राही अर्ध्या ड्रॉपरच्या बारापट आहे, हे विसरू नये.

बाटलीत लिहिलंय तेच आहे का?

२०१७ मध्ये ऑनलाइन विकली जाणारी ८४ सीबीडी उत्पादनं तपासली गेली. लेबलपासून दहा टक्क्यांच्या आत होती ती ३१ टक्के. सुमारे ४३ टक्क्यांत लेबलपेक्षा जास्त सीबीडी, २६ टक्क्यांत कमी, आणि १८ उत्पादनांत टीएचसी सापडलं. म्हणून लेबल न वाचता बॅचचा तपासणी अहवाल वाचावा. चांगले उत्पादक बाटलीवरच्या क्यूआर कोडमधून तो देतात. ज्याला अहवाल नाही ती बाटली परत ठेवावी, पुढचं वाचण्याचीही गरज नाही.

अहवालात आधी बॅच क्रमांक बाटलीशी जुळतो का ते पाहा. एकच जुना अहवाल वर्षानुवर्षं सगळ्या बॅचना लावण्याचा प्रकार सर्रास चालतो. प्रयोगशाळा उत्पादकाची स्वतःची नसावी आणि तिला आयएसओ १७०२५ ही प्रयोगशाळांसाठीची मान्यता असावी.

मग आकडे. अहवाल बहुधा वजनी टक्के किंवा ग्रॅममागे मिलिग्रॅम देतो, लेबल मात्र बाटलीमागे. मध्ये घनता येते. नारळापासून काढलेल्या एमसीटी तेलाची घनता साधारण ०.९५. अहवालात ५.२ टक्के असेल तर ग्रॅममागे ५२ मिलिग्रॅम, मिलीमागे ४९.४, बाटलीत १,४८२. हे लेबलशी जुळलं. घनता न लावता थेट ५२ गुणिले ३० करून 'जास्तच दिलंय' म्हणणं ही नेहमीची चूक.

त्याखाली सीबीडीए ही ओळ असेल. झाडात मुळात सीबीडीए हे आम्ल असतं, उष्णतेने कार्बन डायऑक्साइड सुटून त्याचं सीबीडी होतं आणि वजन ०.८७७ पट उरतं. समजा अहवालात मिलीमागे सीबीडी १० आणि सीबीडीए ४० आहे. विक्रेता सरळ बेरीज करून ५० म्हणतो. खरा 'एकूण सीबीडी' निघतो १० अधिक ३५.१, म्हणजे ४५.१, आणि तोही गरम केल्यावर. जिभेखाली घेताना ते सीबीडीएच राहतं, आणि वर सांगितलेले प्रयोग सीबीडीवरचे आहेत.

'हेम्प अर्क १,५०० मिलिग्रॅम' ही त्याहून चलाख शब्दरचना. हेम्प म्हणजे टीएचसी कमी असलेली भांग. हे वजन अख्ख्या अर्काचं. अर्कात ६० टक्के सीबीडी असेल तर बाटलीत ९०० भरतं. आणि 'हेम्प सीड ऑइल' म्हणजे बियांचं खाद्यतेल, त्यात सीबीडी जवळपास नसतंच.

टीएचसीपुढे 'आढळलं नाही' असेल तर शेजारचा मोजमर्यादेचा रकाना वाचा. मर्यादा ०.१ टक्के असेल तर मिलीमागे जवळजवळ एक मिलिग्रॅम टीएचसी लपू शकतं. जिथे ०.३ टक्के चालतं तिथे ३० मिलीच्या पूर्ण-अर्क बाटलीत ८० मिलिग्रॅमच्या वर टीएचसी कायदेशीरपणे असू शकतं. नोकरीत लघवीची चाचणी होणाऱ्यांनी आणि खेळाडूंनी हे ध्यानात घ्यावं. जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेच्या बंदी-यादीतून २०१८ पासून फक्त सीबीडी वगळलं आहे, बाकीचे कॅनाबिनॉइड नाहीत.

शेवटची पानं कंटाळवाणी दिसतात म्हणून सुटतात: शिसं, कॅडमियम, आर्सेनिक, पारा, कीटकनाशकं, उरलेले द्रावक. हे झाड जमिनीतले जड धातू ओढून घेण्यात पटाईत आहे आणि अर्क काढताना तेही घट्ट होऊ शकतात. दाह कमी करायला घेतलेल्या तेलातून रोज कॅडमियम पोटात जाणं परवडणारं नाही. ही पानं नसलेला अहवाल अर्धाच समजावा.

वापरताना

ड्रॉपरवरचा भरवसा सोडा. थेंबाचा आकार तेलाच्या दाटपणावर, तापमानावर आणि काचेच्या टोकावर ठरतो. एक मिली भरून थेंब मोजा, तीनदा मोजा. २८ थेंब निघाले तर एका थेंबात १.८ मिलिग्रॅम. त्याहून बरी औषधाची एक मिलीची सुईविना सिरिंज.

जिभेखाली मिनिटभर धरून ठेवा असं सगळीकडे लिहिलेलं असतं. तेलात विरघळलेला इतका स्निग्ध रेणू ओल्या त्वचेतून फारसा जात नाही, बहुतेक गिळलाच जातो. त्यामुळे जेवणाचा प्रश्न खरा महत्त्वाचा. उपाशीपोटी घेतलेल्या सीबीडीपैकी जेमतेम ६ टक्के रक्तात पोचतं, बाकीच्यातलं बरंचसं यकृत पहिल्याच फेरीत मोडतं. भरपूर स्निग्ध जेवणासोबत सर्वोच्च पातळी सुमारे पाचपट आणि एकूण शोषण चौपट होतं. फायदा आहे, पण सापळाही आहे: एक दिवस उपाशी, एक दिवस जेवणानंतर असं घेतलं तर रोजची मात्रा चौपटीने वरखाली होते आणि 'कधी लागू पडतं, कधी नाही' अशी तक्रार उरते. वेळ आणि जेवण एकच ठेवा. लांब साखळीचं स्निग्ध द्रव्य सीबीडीला लसीकावाहिन्यांतून यकृताला वळसा घालून नेतं, म्हणून आधारतेल म्हणून तिळाचं तेल एमसीटीपेक्षा सरस. टिकण्यात मात्र एमसीटी पुढे, आणि बियांचं हेम्प तेल सर्वांत मागे, ते लवकर खवट होतं.

अँटिऑक्सिडंटचा गुण बाटलीतच दिसतो. दुसऱ्याऐवजी स्वतः ऑक्सिडाइझ होणं हाच तो गुण. उजेड, हवा आणि उष्णता मिळाली की सीबीडीचं क्विनोन होत जातं आणि तेलाला गुलाबी-जांभळी झाक येते. तशी झाक आली किंवा जुन्या रंगाच्या डब्यासारखा वास आला तर टाकून द्या. फ्रिजमध्ये तळाशी पांढरे खडे दिसले तर तो बिघाड नव्हे, शुद्ध सीबीडी थंडीत स्फटिक होतं. बाटली कोमट पाण्यात धरून हलवली की पुन्हा विरघळतं. न विरघळवता वापरलं तर वरचे थेंब पातळ आणि शेवटचे भलतेच तीव्र.

औषध म्हणून जे मिळतं ते

तुलनेला एपिडायोलेक्स हे सीबीडीचं औषध हवंच. जून २०१८ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने ड्रावे आणि लेनॉक्स-गॅस्टो या दोन दुर्धर फेफऱ्यांसाठी ते मंजूर केलं, २०२० मध्ये ट्यूबरस स्क्लेरोसिस या आनुवंशिक आजारातले झटकेही जोडले. मिलीमागे १०० मिलिग्रॅम, तिळाच्या तेलात, थोडा अल्कोहोल, स्ट्रॉबेरीची चव. तिळाची ॲलर्जी असलेल्यांना चालत नाही. उघडल्यापासून १२ आठवड्यांनी उरलेलं फेकायचं. बाकीच्या बाटल्यांनाही हीच मुदत लावावी. सुरुवात दिवसाला ५ मिलिग्रॅम प्रति किलोने, दोन भागांत, आठवड्याने दुप्पट, गरजेप्रमाणे त्या दोन फेफऱ्यांत कमाल २०. म्हणजे ६० किलोच्या माणसाला रोज ३०० पासून १,२०० मिलिग्रॅम. सीबीडीचं औषध म्हणून वजन केवढं असतं ते इथे कळतं. दाहासाठी मात्र त्याला मंजुरी नाही. वस्तू म्हणून विचाराल तर पैकीच्या पैकी: जे लिहिलं ते आत आहे.

त्याच्याच माहितीपत्रकातून बाटलीवाल्यांनी न छापलेल्या गोष्टी कळतात. सुरू करण्याआधी यकृताचे एन्झाइम तपासायचे, मग १, ३ आणि ६ महिन्यांनी. व्हॅल्प्रोएट हे फेफऱ्याचं औषध घेणाऱ्यांत ते वाढण्याचा धोका अधिक. क्लोबाझाम या फेफऱ्याच्याच दुसऱ्या औषधाचा सक्रिय अंश तिपटीपर्यंत चढतो आणि माणूस पेंगतो. वॉरफॅरिनचा परिणाम वाढून रक्त जास्त पातळ होऊ शकतं, प्रत्यारोपणानंतर प्रतिकारशक्ती दाबायला देतात त्या टॅक्रोलिमसची पातळी चढू शकते. एका अभ्यासात १६ निरोगी माणसांनी रोज १,५०० मिलिग्रॅम घेतलं, त्यातल्या ७ जणांत एएलटी हे यकृताचं एन्झाइम मर्यादेबाहेर गेलं, ५ जणांत मर्यादेच्या पाचपटीहून जास्त. आमवातासाठी मेथोट्रेक्सेट घेणाऱ्यांच्या यकृतावर आधीच भार असतो, त्यांनी डॉक्टरांना न सांगता थेंबभरही सुरू करू नये. गरोदरपणात आणि अंगावर पाजताना नकोच. ब्रिटनच्या अन्न मानक संस्थेने ऑक्टोबर २०२३ मध्ये निरोगी प्रौढांसाठी खाद्य उत्पादनांतल्या सीबीडीची सल्ल्याची मर्यादा ७० वरून १० मिलिग्रॅमवर आणली. आपला अर्धा ड्रॉपर त्याच्या अडीचपट आहे. विचित्र कोंडी आहे ही: दाहासाठी फार कमी, रोजच्या सवयीसाठी जास्त.

मलम आणि जेलचं थोडक्यात. उंदरांत अल्कोहोलयुक्त जेलने सांध्याची सूज उतरली, पण उंदराची कातडी पातळ आणि सांधा लगेच खाली. गुडघ्याच्या दुखण्यावर ३२० रुग्णांत कृत्रिम सीबीडीचं जेल तपासलं, मुख्य निकष पार झाला नाही. साध्या मलमातलं सीबीडी त्वचेच्या वरच्या थरात अडकतं. त्वचेसाठी ठीक, गुडघ्यासाठी नाही. चघळण्याच्या गोळ्यांत एका गोळीत किती हे सारखं राखणं अवघड. वाफ ओढण्याचे प्रकार दाहाच्या रुग्णाने टाळावेत, फुप्फुसाला नवा त्रास देण्याचं कारण नाही.

इतकं वाचूनही बाटली आणायचीच असेल, तर शुद्ध सीबीडीची, तिळाच्या तेलातली, बॅचच्या पूर्ण अहवालासह आणा. सुरू करण्याआधी सीआरपी (रक्तातली दाहाची खूण) आणि एएलटी तपासून घ्या, आतड्याचा आजार असेल तर शौचातलं कॅलप्रोटेक्टिन (आतड्यातल्या दाहाची खूण) हेही. चालू औषधांतलं एकही कमी करू नका. रोज एकाच जेवणानंतर, सिरिंजने मोजून, वहीत लिहून घ्या. चौथ्या आठवड्याला एएलटी पुन्हा पाहा, मर्यादेच्या तिपटीवर असेल तर त्याच दिवशी थांबवा. आठव्या आठवड्याला सीआरपी आणि कॅलप्रोटेक्टिन होते तिथेच असतील, तर बरं वाटत असलं तरी दाहासाठी म्हणून दुसरी बाटली आणू नका.